प्राणिमुखी अलंकार आणि 'यवनप्रभावा'ची उपपत्ती

१

मराठवाड्याच्या प्राचीन कलेविषयी लिहिताना 'यवनप्रभाव' हा शब्द इतक्या सढळपणे वापरला जातो की, त्याने नेमके काय सांगितले जाते, हा प्रश्नच मागे पडतो. कड्याच्या दोन टोकांना समोरासमोर आलेली मकरमुखे दिसली, कर्णभूषणावर सपक्ष सिंह दिसला, दंडाला वेटोळे घातलेला नाग दिसला, की त्याचे कूळ ग्रीसमध्ये शोधावयाचे, ही एक अभ्यासरूढी होऊन बसली आहे. तिच्या विरुद्ध टोकाला दुसरी रूढी आहे. जे जे येथे सापडले ते ते मुळापासून येथलेच, असे गृहीत धरून परकीय संपर्काचा पुरावा बाजूला सारावयाचा, ही ती रूढी होय. या दोन्ही मतांना वस्तूच्या परीक्षणाची गरज भासत नाही; निष्कर्ष आधीच हाताशी असतो.

या प्रश्नाला या भूभागात विशेष महत्त्व आहे. प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर, हे समीकरण फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि ते पुढे सर्वमान्य झाले. तेर आज धाराशिव जिल्ह्यात असले तरी १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर व तेर ही दोन्ही उस्मानाबाद या एकाच जिल्ह्यात होती. तेरणेच्या काठचे हे नगर इसवी सनाच्या पहिल्या शतकात भूमध्यसागरी व्यापाराशी जोडलेले होते. त्यानंतर हजार-अकराशे वर्षांनी याच पट्ट्यात, लातूर जिल्ह्यातील निलंगा व नांदेड जिल्ह्यातील होट्टल येथे, चालुक्यकालीन मंदिरे उभी राहिली आणि त्यांच्या भिंतींवरील मूर्ती नखशिखान्त अलंकारांनी मढविल्या गेल्या. म्हणून परकीय संपर्काचा प्रत्यक्ष पुरावा आणि अलंकारांची दीर्घ देशी परंपरा, ही दोन्ही एकाच टापूत तपासता येतात. प्राणिरूपी अलंकारांच्या बाबतीत 'यवनप्रभाव' ही उपपत्ती कितपत टिकते, ते येथे पाहावयाचे आहे.

२

तुलना करावयाची तर तुलनेची दोन्ही पदे निश्चित हवीत. 'ग्रीक प्राणिरूपी अलंकार' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते एका काळाचे नाहीत व एका परंपरेचेही नाहीत.

क्रीट बेटावरील मालिया येथे १९३० साली मिळालेले सुवर्णाचे पदक या वर्गात नेहमी अग्रभागी ठेवले जाते. मधाच्या थेंबाभोवती समोरासमोर वळलेल्या दोन मधमाश्या त्यावर घडविल्या आहेत. त्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकाचा पूर्वार्ध होय. परंतु त्या काळच्या क्रीटची भाषा ग्रीक होती असे म्हणण्यास आधार नाही. तेथील 'रेषालिपी अ' अद्याप वाचली गेलेली नाही. जी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली व जिची भाषा ग्रीक ठरली, ती 'रेषालिपी ब' त्यानंतरची आहे. तेव्हा मालियाच्या पदकास 'ग्रीक' म्हणणे हे भूगोलाच्या सोयीचे आहे, संस्कृतीच्या दृष्टीने काटेकोर नाही.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील ऱ्होड्स बेटाची सुवर्णपत्रे हा दुसरा टप्पा. दोन बाजूंना सिंह घेऊन उभी असलेली सपक्ष पशुस्वामिनी त्यांवर ठशाने उठविलेली आहे. हा काळ ग्रीक कलेवर पश्चिम आशियाचा दाट परिणाम झाल्याचा काळ म्हणूनच ओळखला जातो.

तिसरा टप्पा अलेक्झांडरनंतरचा आहे आणि येथील चर्चेत 'ग्रीक' म्हणताना बहुधा हाच अभिप्रेत असतो. इराणी साम्राज्याचा खजिना हाती आल्यावर ग्रीक जगात सोन्याची रेलचेल झाली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पिळाच्या तारेची, एका टोकाला निमुळती होत जाणारी आणि दुसऱ्या टोकाला प्राण्याचे मुख असलेली कर्णवलये सर्वत्र घडू लागली. सिंह, बैल, रानबोकड, हरिण हे त्यांतील नेहमीचे प्राणी. रेनल्ड हिगिन्स यांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीक व रोमन अलंकारांवरील ग्रंथात या प्रकारांची व्यवस्थित वर्गवारी आढळते. पण ज्याच्या दोन्ही टोकांना प्राण्यांची मुखे आहेत ते कडे अलेक्झांडरच्या आधीच इराणच्या हखामनी दरबारात रूढ होते. १८८० च्या सुमारास उजेडात आलेल्या व आता ब्रिटिश संग्रहालयात असलेल्या वक्षू नदीच्या निधीतील, शिंगे व पंख असलेल्या काल्पनिक पशूंच्या मुखांची कडी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

यावरून ज्या घटकाला 'ग्रीक' म्हणून भारतात आणले जाते तो घटक ग्रीसमध्येही पाहुणाच होता, हे ध्यानात येते. इराण ज्याप्रमाणे ग्रीसचा शेजारी, त्याचप्रमाणे भारताचाही. दोन शेजाऱ्यांच्या घरी एकच वस्तू आढळली तर त्यांनी ती एकमेकांकडूनच घेतली असा निष्कर्ष निघत नाही. तिसऱ्या घरून दोघांनीही घेतली असण्याची शक्यता आधी निकालात काढावी लागते.

३

भाषाशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. दोन भाषांत सारखे शब्द आढळले तर त्याची चार कारणे संभवतात: समान वारसा, उसनवारी, तिसऱ्या भाषेतून दोघींनी घेतलेला शब्द आणि केवळ योगायोग. यांपैकी कोणते कारण लागू आहे हे ठरविताना नुसते साम्य पुरेसे होत नाही. आन्त्वान मेये यांनी १९२५ साली तुलनात्मक पद्धतीचे विवेचन करताना एका गोष्टीवर भर दिला होता. जे साम्य स्वाभाविकपणे कोठेही उत्पन्न होऊ शकते त्याला पुराव्याचे मूल्य थोडे. जे साम्य विक्षिप्त आहे, ज्याचे अन्य कारण सांगता येत नाही, त्याला मूल्य अधिक. मेये यांचा विषय भाषांचे आनुवंशिक नाते हा होता. परंतु हे तत्त्व वस्तूंच्या उसनवारीलाही लागू पडते.

अलंकारांना ते लावावयाचे तर साम्याचे चार स्तर वेगळे करावे लागतात. कोणता प्राणी घेतला आहे, हा पहिला. तो अलंकाराच्या कोणत्या जागी व कोणत्या रीतीने बसविला आहे, हा दुसरा. घडणीचे तंत्र कोणते, हा तिसरा. वस्तूला नाव काय, हा चौथा. सिंह, सर्प, मासा हे प्राणी कोणत्याही समाजाच्या कल्पनेत सहज येतात. तेव्हा पहिल्या स्तरावरील साम्य सर्वांत दुबळे होय. ग्रीक कर्णवलयात तारेचे निमुळते टोक प्राण्याच्या मुखाजवळच्या कडीत अडकते आणि मुख व वलय यांच्या सांध्यावर नक्षीदार गळपट्टी येते. ही योजना विशिष्ट आहे. ती जशीच्या तशी दख्खनमध्ये मिळाली असती तर उसनवारी मानण्यास बळकट आधार झाला असता.

खरा ग्रीक संपर्क अलंकारांत कसा उमटतो याचे उदाहरण दूर नाही. अफगाणिस्तानातील तिल्या तेपे येथे १९७८ साली व्हिक्टर सारियानिदी यांनी उघडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कबरींत वीस हजारांहून अधिक सुवर्णवस्तू मिळाल्या. त्यांत टोकांना हरिणवर्गीय पशूंची मुखे असलेली कडी आहेत, ग्रीक देवता आहेत आणि अथेना देवीचे नाव ग्रीक अक्षरांत कोरलेली अंगठीही आहे. तेथे प्राणी, मांडणी, देवता आणि लिपी यांची साक्ष एकमेकींना पूरक ठरते. त्या साक्षीतही गवताळ प्रदेशातील भटक्या टोळ्यांच्या व इराणी परंपरेचा वाटा मोठा आहे. तरी ग्रीक अंश निर्विवाद आहे. तेरच्या बाबतीत अशी साक्ष आहे काय, हे आता पाहावयाचे.

४

'पेरिप्लस' हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथ तगरचा उल्लेख मोठे नगर म्हणून करतो. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे त्याचे गणित आहे. तगरहून भडोचला जाडेभरडे व तलम कापड जात असे. भडोच बंदरात बाहेरून काय उतरत होते, याचीही यादी या ग्रंथात आहे: मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्यारुप्याची नाणी आणि राजासाठी रुप्याची मौल्यवान भांडी. या यादीत सोन्याचे तयार अलंकार नाहीत. अलंकाराचा कच्चा माल आहे, नाणे आहे, परंतु घडविलेला दागिना नाही. ग्रंथकार स्वतः व्यापारी वृत्तीचा आणि मालाच्या बाबतीत चोखंदळ आहे. म्हणून त्याचे हे मौन दुर्लक्षिण्यासारखे नाही.

तेरच्या भूमीने दिलेला पुरावा याच्याशी सुसंगत आहे. चापेकर यांनी १९५८ साली केलेले उत्खनन, त्यानंतरची उत्खनने आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेला, आता तेरच्या शासकीय संग्रहालयात असलेला संग्रह यांतून भूमध्यसागरी संपर्काच्या खुणा दिसतात. त्यांपैकी अलंकाराशी थेट संबंध असलेली खूण म्हणजे मातीचे 'बुल्ला', अर्थात् नाण्याच्या आकाराचे लोलक. इसवी सन १४ ते ३७ या काळात राज्य केलेल्या तिबेरियस या रोमन सम्राटाच्या नाण्याची छाप मातीत उठवून, त्याला ओवण्यासाठी छिद्र किंवा कडी ठेवून ते गळ्यात घालीत. कोंडापूर येथेही असे लोलक मिळाले आहेत. येथे उसनवारी नि:संशय आहे. सम्राटाचे मुख व त्याभोवतीचा लेख यांचे देशी स्पष्टीकरण देता येत नाही. मेये यांना अभिप्रेत असलेले विक्षिप्त साम्य ते हेच.

पण उसनवारी कशाची झाली, हे बारकाईने पाहावे. रोममध्ये जे चलन होते ते तेरला भूषण झाले. वस्तू आली, तिचे कार्य बदलले, द्रव्यही बदलले. सोन्यारुप्याच्या जागी माती आली. शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना अर्थ पालटतो तसाच हा प्रकार आहे. आणि या उसन्या वस्तूवर प्राणी नाही, मनुष्याचे मुख आहे.

हस्तिदंताची साक्ष उलट दिशेची आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या मूर्ती तेर व भोकरदन या मराठवाड्यातील स्थळी सापडल्या आहेत. या मूर्ती अलंकारांनी भारलेल्या आहेत. म्हणजे व्यापाराच्या वाटेने भारतीय अलंकारांचे रूप इटलीला गेले, एवढे निश्चितपणे म्हणता येते. 'प्रभाव' हा शब्द वापरताना दिशा नेहमी एकच का गृहीत धरावी, असा प्रश्न या मूर्ती विचारतात.

५

मग प्राणिरूपी अलंकार आले कोठून? सातवाहनकालीन सोन्याचे काम फार थोडे शिल्लक आहे. जे आहे त्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८१ साली दाखल झालेल्या राजकर्णभूषणांच्या जोडीला अग्रस्थान द्यावे लागते. ती आंध्र प्रदेशातील असावी व इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची असावी, असे मानले जाते. जग्गय्यपेट येथील चक्रवर्तीच्या शिल्पात अशाच घडणीचे कर्णभूषण दिसते. कळीसारखे दोन चौकोनी भाग मधल्या दुहेरी वेलीतून फुटले आहेत. त्यांवर सपक्ष सिंह व हत्ती बसविले असून प्राण्यांचे सर्वांग सोन्याच्या बारीक रव्यांनी व तारेच्या तुकड्यांनी मढविले आहे. तळाशी पूर्णघट आहे.

वरील चार स्तर येथे क्रमाने लावून पाहावेत. हत्ती भारतीय आहे. सपक्ष सिंहाचे मूळ पश्चिम आशियात आहे आणि तो भारतीय कलेत या जोडीच्या आधीच रुळलेला होता. मांडणीत ग्रीक वलयाचा मागमूस नाही. वजनाने कानाची पाळी ताणून खांद्यापर्यंत उतरणारे हे भूषण भारतीय शिल्पांतच ओळखू येते. पूर्णघटाविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. राहिले तंत्र. रवाकाम ग्रीक सोनारांनी कळसास नेले हे खरे. परंतु ते मेसोपोटेमियातील ऊर येथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातच आढळते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सुवर्णाध्यक्ष प्रकरणात सोनारकामाचे प्रकार सांगताना 'घन', 'सुषिर' आणि 'पृषत' या संज्ञा येतात. घन म्हणजे भरीव, सुषिर म्हणजे पोकळ आणि पृषत म्हणजे थेंब, अर्थात् रवा. अर्थशास्त्राचा काळ वादग्रस्त असला तरी ज्या तंत्राला शास्त्रग्रंथात स्वभाषेतील पारिभाषिक संज्ञा मिळते ते तंत्र कारखान्यात मुरलेले असते, यात शंका नाही.

मकराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ग्रीकांचा 'केटोस' हा समुद्रपशू गांधारकलेत आला आणि त्याचे भारतीय मकराशी नाते विद्वानांनी चर्चिले आहे. परंतु बिहारमधील बराबर टेकडीवरील लोमश ऋषी गुहेच्या कमानीवर, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, हत्तींच्या रांगेच्या दोन्ही टोकांना मकर कोरलेले आहेत. 'मकर' हा शब्द तर त्याहून पुष्कळ जुना. यजुर्वेदसंहितांत अश्वमेधाच्या पशूंच्या यादीत तो येतो. गांधारात दोन समुद्रपशूंची गाठ पडली असेल. दख्खनच्या सोनाराला मकर शिकण्यासाठी तेथवर जाण्याचे कारण नव्हते.

आणि हा दख्खनचा सोनार अनामिक नाही. मराठवाड्यातीलच पितळखोरे येथील लेण्यांत मिळालेल्या, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या यक्षमूर्तीवर कर्त्याचे नाव कोरले आहे. तो कण्हदास, म्हणजे कृष्णदास. आणि लेखात त्याचा व्यवसाय सुवर्णकार असा दिला आहे. सोन्यात काम करणारा हात दगडातही चालत होता, याचा हा स्वच्छ पुरावा होय. शिल्पांतील अलंकारांवरून प्रत्यक्ष अलंकारांचे अनुमान करता येते काय, ही शंका वारंवार घेतली जाते. निदान या एका ठिकाणी तिचे उत्तर शिल्पावरच लिहिलेले आहे. 'यवनप्रभाव' या दोन शब्दांनी झाकला जातो तो हा कण्हदास.

६

आता चौथा स्तर, नावांचा. ग्रीक भाषेतून संस्कृत-प्राकृतात आलेले शब्द थोडे असले तरी ओळखता येण्याजोगे आहेत. नाण्यांच्या व्यवहारात द्रम्म (त्यावरून पुढे दाम), ज्योतिषात केंद्र व होरा, अश्वविद्येत खलीन, युद्धशास्त्रात सुरुंग. ज्या क्षेत्रांत संपर्क गाढ होता त्या क्षेत्रांत शब्द उतरले. अलंकारांच्या क्षेत्रात मात्र सर्वमान्य म्हणावा असा ग्रीक शब्द नाही. कटक, वलय, कुंडल, नूपुर, मेखला यांतील एकही ग्रीकातून आलेला नाही. महाराष्ट्री प्राकृतात त्यांची कडअ, वलअ, णेउर अशी रूपे झाली आणि कडे व वाळा हे मराठी शब्द त्याच मार्गाने आले.

याला पूरक असा एक लक्षणीय अपवाद आहे. अर्थशास्त्रात पोवळ्याच्या एका जातीस 'आलकंदक' म्हटले आहे आणि सिल्व्हँ लेव्ही यांनी हा शब्द अलेक्झांड्रियाशी जोडला. ही व्युत्पत्ती मान्य केली तर, 'पेरिप्लस'च्या यादीतून जे दिसले तेच शब्दाने पुन्हा सांगितले असे होते: यवनांचे नाव कच्च्या मालाला चिकटले, दागिन्याला नाही.

तरीही नावाच्या साक्षीवर सर्व भार टाकता येणार नाही. याचे कारण मराठीच्या अंगावरच आहे. 'पुतळ्यांची माळ' हा अस्सल मराठी दागिना मानला जातो. 'पुतळी' हा शब्दही अस्सल मराठी. पण पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सुवर्णनाणे. १२८४ पासून पाडल्या गेलेल्या या डुकाटवर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती असे. त्या मनुष्याकृतींवरून महाराष्ट्राने त्याला पुतळी म्हटले आणि गळ्यात ओवले. वस्तू परकी, नाव देशी. तेव्हा ग्रीक नाव नाही म्हणून ग्रीक वस्तू नाही, असे म्हणता येत नाही. तेरचा मातीचा लोलक आणि पेठेतील पुतळी यांत हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, परंपरा अखंड होती असे म्हणण्यास आधारही नाही. तथापि वृत्ती एकच आहे. युरोपचे नाणे येथे आले की त्याचा दागिना झाला.

उलट, नावात प्राणी आहे म्हणून अलंकारात प्राणी असतोच असेही नाही. गळ्यातील 'हासळी' ऐकून हंसाची आठवण होते, पण हासळी म्हणजे गळ्याखालचे हाडही होय आणि दागिना त्या हाडावर टेकतो. 'गोखरू' या कड्यात गाय शोधणे व्यर्थ. गोक्षुर म्हणजे मराठवाड्यातील शेतकरी ज्याला सराटा म्हणतो ते काटेरी फळ, आणि कड्यावरील काट्यांवरून ते नाव पडले. हिंदीतील 'बिछुआ' विंचवाचे नाव धारण करतो, पण बोटावरच्या त्या वळ्यात विंचू बहुधा दिसत नाही. याच्या विरुद्ध, पायाच्या बोटांतील 'मासोळी' नावाने व रूपाने मासोळीच आहे, आणि कोल्हापुरी साजाच्या पानांत मासा व कासव अवताररूपाने येऊन बसले आहेत. मकरमुखी किंवा सिंहमुखी तोड्यांना मात्र बोलण्यात नुसते 'तोडे' म्हटले जाते. प्राणी रूपात असतो, नावातून गळतो.

ग्रीक भाषेतही सर्पाकार कड्याला 'ओफिस', म्हणजे साप, असेच म्हणत. मराठी स्त्री केसांतल्या अलंकाराला 'नाग' म्हणते. या दोन नामकरणांत कोणीही उसनवारी मानणार नाही. वस्तूला तिच्या आकारावरून नाव देणे हा मनुष्याचा स्वभाव आहे. मग त्याच न्यायाने, सापाच्या वळणावरून दागिना घडविणे हाही मनुष्यस्वभाव का मानू नये? नावाच्या बाबतीत जी सावधगिरी अभ्यासक पाळतात ती रूपाच्या बाबतीत सोडून देतात, हा या उपपत्तीतील मुख्य दोष आहे.

७

सारांश असा. तेरच्या परिसरात ग्रीक-रोमन जगाशी संपर्क होता आणि त्याचा अलंकारावर परिणाम झाला, हे बुल्लांवरून सिद्ध आहे. ते नाकारणे म्हणजे डोळ्यांपुढील पुरावा नाकारणे होय. परंतु तो परिणाम नाणे व कच्चा माल यांच्या द्वारे झाला. प्राणी त्या वाटेने आले असे दाखविणारा पुरावा चारही स्तरांवर दुबळा आहे. काही प्राणी या भूमीतले आहेत. सपक्ष सिंहासारखे काही इराण व पश्चिम आशियाच्या त्या समाईक ठेव्यातून आले आहेत, ज्याचे ग्रीकही देणेकरी होते. म्हणून मराठवाड्यातील प्राणिमुखी अलंकाराला सरसकट 'यवनप्रभावित' म्हणणे सोडून द्यावे आणि प्रत्येक वस्तूबाबत प्राणी, मांडणी, तंत्र व नाव यांची स्वतंत्र नोंद करावी. एखाद्या वस्तूत उद्या मांडणीचे विक्षिप्त साम्य आढळले तर हा निष्कर्ष त्या वस्तूपुरता बदलावा लागेल, आणि बदलावा.

हा वाद केवळ भूतकाळाचा नाही. नांदेड व लातूर येथील सराफ बाजारांत यंत्रावर घडलेले, क्रमांकाने ओळखले जाणारे दागिने आता दुकानांच्या काचेमागे बसले आहेत. हाताने मूस ओतणारा, तार ओढणारा, रवा बसविणारा सोनार मागे पडत आहे आणि त्याच्यासोबत त्याची परिभाषाही. होट्टल व निलंगा येथील मूर्तींच्या अंगावरील कटिसूत्राच्या कळसूत्राला, बाजूबंदाच्या मुखाला, कानातल्या वळणाला आजचा वृद्ध कारागीर कोणते नाव देतो, हे विचारण्यास फार दिवस उरलेले नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने वही घेऊन मूर्तीपुढे उभे राहावे आणि मग तीच वही घेऊन सोनाराच्या बागेसरीपाशी बसावे, इतके साधे हे काम आहे. अशा शब्दांचा एक लहानसा कोश सिद्ध झाला तर रूप व नाव यांच्या संबंधाविषयी वर अनुमानाने जे सांगितले आहे त्याची पारख करता येईल. पितळखोऱ्याच्या कण्हदासाने आपले नाव व धंदा दगडावर लिहून ठेवला म्हणून तो कळतो. त्याच्या पुढच्या पिढ्यांना दगड मिळाला नाही, त्यांचे जे काही लिहिलेले आहे ते त्यांच्या बोलण्यात आहे.